घराची सगळी आठवण एकाच डोक्यात: चाळिशीनंतरच्या विसराळूपणाचं एक प्रकरण

वय ४६. राहायला इंदिरानगर, नोकरी कॅनडा कॉर्नरजवळच्या एका सीएंच्या ऑफिसात. घरात नवरा, बारावीतली मुलगी, आठवीतला मुलगा आणि ७६ वर्षांचे सासरे. तक्रार त्यांच्याच शब्दांत: "मी विसरायला लागलेय मॅडम. आणि आता ते दुसऱ्याच्या जिवावर बेतायला लागलंय."

ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. त्यांना इथे ताई म्हणते. समोरही तेच म्हणत होते. मी नाशिकमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. ताईंना त्यांच्या फॅमिली डॉक्टरांनी पाठवलं होतं. चिठ्ठीवर एकच ओळ होती, "स्मरणशक्तीची तपासणी करावी." ती तपासणी एका दुपारी उरकली. पुढचे कित्येक महिने जे केलं त्याचा त्या चिठ्ठीत उल्लेखही नव्हता, आणि म्हणूनच हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं.

काय घडलं होतं

वर्षभर किरकोळ चुका चालल्या होत्या. दूध उतू जायचं. फ्रीज उघडून "मी काय घ्यायला आले?" म्हणून उभं राहायचं. मुलाच्या सहलीचे पैसे भरायची तारीख हुकली. दुसऱ्या शनिवारी बँकेत जाऊन बंद शटर बघून परत आल्या. ऑफिसातल्या नव्या मुलीला तिच्या आधीच्या मुलीच्या नावाने हाक मारायच्या. घरात यावर हसू व्हायचं, त्याही हसायच्या.

मग गोळीचं झालं. सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, बरीच वर्षं मधुमेह आहे. सकाळी नाश्त्याच्या आधी ग्लिमेपिराइडची एक गोळी. त्या दिवशी मिस्टरांची पहिली शिफ्ट, मुलीची क्लासला टेस्ट, सिलिंडर ऐन पोळ्यांच्या वेळी संपलेला, आणि महिन्याची २० तारीख असल्याने ऑफिसातून सात वाजल्यापासून फोन. ताईंनी सव्वासातला गोळी दिली आणि पावणेआठला पुन्हा दिली. आप्पांनी दोन्ही वेळा निमूट घेतली. सून देते ती गोळी घ्यायची, हा त्यांचा नियम.

अकराच्या सुमारास आप्पांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. मुलगी टेस्ट देऊन नुकतीच परतली होती. तिने साखरेचं पाणी पाजलं, घरातल्या मशीनवर साखर बघितली तर ५४. या जातीच्या गोळ्यांचा असर लांबतो, एकदा साखर वर आली तरी पुन्हा घसरू शकते, म्हणून डॉक्टरांनी त्यांना एक रात्र ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी आप्पा ठणठणीत घरी आले.

ताईंना घरात कुणी रागावलं नाही. मिस्टर गप्प राहिले. पुण्याहून नणंदेचा फोन आला, "वहिनी, लक्ष कुठे असतं हल्ली तुमचं?" प्रश्न काळजीनेच विचारला होता. तरी ताईंनी तो मला तीनदा सांगितला.

भीती

ताईंच्या मावशीला सत्तरी ओलांडल्यावर डिमेन्शिया झाला होता. शेवटी ती स्वतःच्या मुलाला ओळखत नव्हती. त्यात ताईंनी रात्री मोबाईलवर वाचत बसून एक गोष्ट शोधून काढली होती: डॉ. अलॉइस अल्झायमर यांची पहिली रुग्ण, ऑगस्टे डेटर, १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाली तेव्हा ५१ वर्षांची होती. "म्हणजे माझ्यापेक्षा पाचच वर्षांनी मोठी," ताई म्हणाल्या. माहिती खरी आहे, म्हणून मी ती झटकली नाही. या वयात हा आजार होऊ शकतो, पण विरळा. मावशीला तो सत्तरीनंतर झाला, आणि तेवढ्यावरून भाचीला चाळिशीत होईल असं मानायला आधार नाही. पण अशा वेळी नुसतं "काही नाही हो, टेन्शन घेऊ नका" म्हणणारा माणूस मला बेजबाबदार वाटतो. तपासायचं, मग बोलायचं.

काही गोष्टी पहिल्या तासाभरातच कळल्या. विसरल्याची तक्रार त्या स्वतः करत होत्या आणि प्रत्येक प्रसंग तारीखवार सांगत होत्या. गंभीर आजारात बऱ्याचदा उलटं दिसतं: घरचे हैराण असतात आणि रुग्ण म्हणतो, मला काय झालंय? किल्ली कुठे ठेवली हे ताई विसरत होत्या. किल्ली कशासाठी असते हे नाही. द्वारका ते नाशिक रोड हा रस्ता त्यांना डोळे मिटून सांगता येत होता. शब्द अडत होते, पण थोड्या वेळाने आपोआप आठवत होते.

आणि मग मी ऑफिसबद्दल विचारलं.

ताईंकडे साठ-सत्तर व्यापाऱ्यांचं जीएसटीचं काम आहे. ११ तारखेला एक रिटर्न, २० तारखेला दुसरं, ७ तारखेला टीडीएस. कुणाचं बिल आलं नाही, कुणाचा ओटीपी दुपारनंतरच मिळतो, कुणाचा क्रेडिटचा आकडा जुळत नाही. मी विचारलं, तिथे किती चुका होतात? त्या थोडा विचार करून म्हणाल्या, "तिथे... नाही होत फारशा."

माझ्या दृष्टीने या सगळ्या मुलाखतीतली सर्वांत महत्त्वाची नोंद हीच. मेंदू तोच, बाई तीच, दिवसही तोच. दहा ते सहा चूक होत नाही आणि सकाळी सात ते नऊ दूध, गोळी, डबा सगळंच निसटतं. मेंदूला आजार असता तर त्याने ऑफिसची वेळ पाळली नसती. ऑफिसात काय असतं जे घरात नाही, असं विचारल्यावर त्यांनी सहज यादी दिली: भिंतीवर प्रत्येक पार्टीचं नाव आणि तारखांचा फळा, झालेल्या कामावर लाल टिक, रजेवर जाताना दुसऱ्याच्या हाती द्यायची फाईल, आणि रिटर्न भरत असताना कुणी हाक मारली तर "पाच मिनिटं" म्हणायची मुभा.

घरी यातलं एकही नव्हतं.

चाचणी

मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट, म्हणजे मोका, ही ३० गुणांची छोटी चाचणी २००५ मध्ये आली आणि ती मराठीतही घेता येते. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणारं घड्याळ काढायचं, घनाकृती उतरवायची, १०० मधून सात-सात वजा करत जायचं, पाच शब्द ऐकून थोड्या वेळाने सांगायचे, असं तिचं स्वरूप. २६ आणि वर म्हणजे साधारण ठीक.

ताईंना २७ मिळाले. आकडे उलट क्रमाने म्हणताना एक गुण गेला, आणि पाच शब्दांपैकी दोन आठवले नाहीत. त्या दोन शब्दांनी त्यांचा चेहरा उतरला. पण शब्द कोणत्या प्रकारातला एवढा इशारा दिल्यावर दोन्ही लगेच आले. याचा अर्थ शब्द आत पोहोचले होते, बाहेर काढताना अडले. अल्झायमरच्या नेहमीच्या स्वरूपात शब्द मुळात नीट साठतच नाहीत, त्यामुळे इशाऱ्याचा फारसा उपयोग होत नाही. उदासीनतेसाठी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली भरून घेतली. गुण सौम्य पातळीत आले, त्यातही बरेचसे झोप, थकवा आणि एकाग्रता या तीन प्रश्नांवर. मोका हे निदान नव्हे, गाळणी आहे. पण लक्षणं आणि गुण एकमेकांना धरून होते, त्यामुळे मेंदूविकारतज्ज्ञांकडे धावायची घाई मी केली नाही. कोणत्या परिस्थितीत धावायचं ते मात्र त्याच दिवशी लिहून दिलं. त्याबद्दल पुढे.

शरीराचा हिशोब

रक्ताच्या तपासण्या फॅमिली डॉक्टरांनी केल्या. थायरॉइड ठीक. हिमोग्लोबिन १०.१. लोहाचा साठा तळाला गेलेला. बी-१२ जीवनसत्त्व १६२, म्हणजे नेहमीच्या २०० च्या मर्यादेखाली.

घर पूर्ण शाकाहारी, आप्पा माळकरी. दूध घरात येतं, पण ते मुलांना, दही आप्पांना, आणि ताईंच्या वाट्याला चहापुरतं. त्यात पित्त होतं म्हणून दोन वर्षं त्या मेडिकलमधून स्वतःच पँटोप्राझोल आणून रोज सकाळी घेत होत्या. या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर अन्नातलं बी-१२ शोषलं जायला अडथळा येतो. कमतरता अशी दोन्ही बाजूंनी झाली. बी-१२ कमी पडलं की थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात, आणि लक्ष व स्मरणही मंदावतं. मुंग्या येत होत्या का? येत होत्या. "ते स्कूटर चालवून होत असेल म्हटलं."

आणखी एक गोळी निघाली. सिंहस्थाच्या कामांसाठी शहरात जागोजाग रस्ते खणलेले, धुळीने शिंका सुरू झालेल्या, आणि रोज रात्री एक सर्दीची गोळी, क्लोरफेनिरामाइनची. जुन्या पद्धतीच्या या गोळ्या गुंगी आणतात आणि स्मरणासाठी लागणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाच्या कामात आडव्या येतात. गुंगी येते म्हणूनच ताईंना ती आवडायची, तेवढीच झोप लागते.

झोपेचं दुखणं तर वेगळंच होतं. मिस्टर अंबडच्या एका कारखान्यात लाइन इन्स्पेक्टर. शिफ्ट दर आठवड्याला बदलते. पहिली असेल तर डब्यासाठी ताई पावणेपाचला उठणार. दुसरी असेल तर ते रात्री साडेबाराला घरी येणार आणि ताई गरम पोळी करून वाढायला जाग्या राहणार. कारखान्याच्या रजिस्टरवर नाव एकाचं आणि शिफ्ट मात्र दोघं करत होते. त्यांना निदान त्याचा भत्ता मिळत होता.

शिवाय मासिक पाळी कधी २० दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी, आली की जोरात. रात्री तीनला घामाने गाऊन ओला होऊन जाग. भारतात रजोनिवृत्तीचं सरासरी वय साधारण ४६-४७ आहे, पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षांनी अलीकडे. म्हणजे ताई नेमक्या त्या उंबरठ्यावर. अमेरिकेत १९९६ पासून चाललेल्या स्वान नावाच्या दीर्घ अभ्यासात या वयातल्या स्त्रियांना वर्षानुवर्षं तपासलं गेलं. तीच चाचणी पुन्हा पुन्हा दिली की सरावाने गुण थोडे वाढतात. रजोनिवृत्तीच्या आधीच्या संक्रमणकाळात ही वाढ थांबलेली दिसली, आणि रजोनिवृत्ती झाल्यावर पुन्हा दिसू लागली. हे वाक्य मी ताईंना कागदावर लिहून दिलं. या टप्प्यातला धुकटपणा खरा असतो, मनाचे खेळ नसतात, आणि बहुतेकींच्या बाबतीत तो कायमचा राहत नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञांनी रक्तस्राव आटोक्यात आणण्याचे उपचार सुरू केले. हार्मोन घेऊ का, हा ताईंचा प्रश्न होता. रात्रीचा घाम फार असेल तर तो पर्याय तज्ज्ञ देतात. केवळ स्मरणशक्ती वाढावी म्हणून देत नाहीत. ६५ च्या पुढच्या स्त्रियांवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीत, २००३ साली, एकत्रित हार्मोन घेणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाचं प्रमाण उलट जास्त आढळलं होतं. ताईंचं वय वेगळं, पण आठवणीसाठी हार्मोन हे समीकरण धरू नये एवढा धडा त्यातून मिळतो.

बी-१२ ची इंजेक्शनं, लोहाच्या गोळ्या, पित्ताची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू बंद, सर्दीची गोळी बदलून कमी गुंगीची. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर वाया जाते. ती लिंबू पाण्यासोबत घ्यायची. हा भाग सोपा होता. इथेच थांबलो असतो तर रिपोर्ट सुधारले असते, सकाळचे सात ते नऊ होते तसेच राहिले असते.

वहीतून काय निघालं

ताईंना एक वही ठेवायला सांगितली. प्रत्येक चुकीला चार रकाने: काय विसरलं, किती वाजता, त्याच्या अगदी आधी काय चाललं होतं, कोणी हाक मारली. हिशोबाची सवय असल्यामुळे वही अप्रतिम भरली होती.

जवळजवळ प्रत्येक नोंदीत चौथा रकाना भरलेला होता. दूध गॅसवर, तेवढ्यात "आई, माझं आयडी कार्ड?" भाजीत मीठ टाकायचं, तेवढ्यात ऑफिसचा फोन. आप्पांचं पाणी आणायला निघाल्या, तेवढ्यात घंटागाडी आली. माणूस एका वेळी मनात फार थोड्या गोष्टी धरू शकतो. मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये हा आकडा चारच्या आसपास असल्याचं मांडलं. पाचवी हाक आली की आधीचं काहीतरी खाली पडतं. काय पडणार हे आपण निवडत नाही.

दुसरी गोष्ट: विसरलेलं बहुतेक सगळं पुढे करायचं काम होतं. झालेल्या गोष्टी, माहिती, माणसं, भाव, वाढदिवस, हे शाबूत होतं. पुढचं काम वेळेवर आठवणं हे स्मरणाचं वेगळं खातं आहे, आणि त्याला दोनच गोष्टी लागतात: मोकळं लक्ष आणि योग्य जागी दिसणारी खूण. ताईंकडे दोन्ही नव्हतं. त्यांच्या मोबाईलमध्ये अलार्म ढीगभर होते. पण नऊ वाजता औषधाचा अलार्म वाजतो तेव्हा त्या गोविंदनगरच्या सिग्नलला स्कूटरवर असतात. अलार्म बंद करतात, काम तिथेच राहतं.

गोळी दोनदा का दिली, याचं उत्तरही वहीने दिलं. जे काम रोज, त्याच जागी, त्याच हाताने होतं, त्याची वेगळी आठवण तयार होत नाही. "आज दिली" आणि "काल दिली" ही दोन चित्रं इतकी एकसारखी असतात की मधे व्यत्यय आला तर मेंदूला फरक करता येत नाही. जितकी गोष्ट रोजची, तितका हा धोका जास्त. निष्काळजीपणाशी याचा संबंध नाही. उलट वर्षानुवर्षं न चुकता गोळी देणाऱ्या माणसाच्याच हातून हे घडू शकतं. हे ऐकताना ताई पहिल्यांदा रडल्या.

घरातल्यांना बोलावलं

मिस्टर, दोन्ही मुलं आणि आप्पा, सगळे आले. मिस्टर खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "मी नाही म्हणतच नाही मॅडम. ती सांगेल ते करतो. फक्त सांगायला पाहिजे."

हे वाक्य मी इतक्या घरांतून ऐकलंय की आता ते वाक्य सुरू होतानाच ओळखू येतं. ते खोटं नसतं. हे गृहस्थ खरंच भाजी आणतात, गाडी धुतात, आप्पांना दवाखान्यात नेतात. अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन डॅमिंजर यांनी २०१९ च्या आपल्या निबंधात घरातल्या या अदृश्य कामाचे चार टप्पे दाखवलेत: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि झालं की नाही याकडे लक्ष ठेवणं. त्यांना आढळलं की ठरवण्यात नवरा-बायको बऱ्यापैकी एकत्र असतात. पहिला आणि शेवटचा टप्पा बहुतेक बाईकडे राहतो. इंदिरानगरच्या या घरातही तंतोतंत तेच. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्याला रोज सरासरी २८९ मिनिटं आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं देतात असं दिसलं. ही हातांची मिनिटं. भाजी चिरताना डोक्यात चाललेलं "गोळ्या शुक्रवारी संपतील, शुक्रवारी यांची दुसरी शिफ्ट" हे कोणत्या रकान्यात धरणार?

मी सगळ्यांना कोरे कागद दिले. घरात जी जी गोष्ट कुणीतरी लक्षात ठेवावी लागते ती एकेका चिठ्ठीवर लिहायची आणि सध्या जो लक्षात ठेवतो त्याच्यापुढे ठेवायची. मिस्टरांपुढे गाडीचं सर्व्हिसिंग, विम्याचा हप्ता, लाइट बिल. मुलीपुढे तिचा अभ्यास. आप्पांपुढे एकादशी. ताईंपुढचा ढीग टेबलावरून घसरायला लागला. मुलाने एक चिठ्ठी उचलून विचारलं, "पीटीच्या दिवशीचे पांढरे बूट पण?"

मिस्टर बराच वेळ तो ढीग बघत होते. मग मी त्यांना विचारलं, तुमच्या लाइनवर कामगाराने एखादा बोल्ट बसवायचा राहिला तर काय करता? ते लगेच खुलले. "राहूच शकत नाही. पोका-योके आहे ना. बोल्ट बसला नाही तर पुढचं स्टेशन चालूच होत नाही. ऑडिटला कोणी सांगितलं की कामगाराला समज दिली, तर ऑडिटर ऐकून घेत नाही. म्हणतो, प्रोसेस काय बदलली ते सांगा." शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याने साठच्या दशकात टोयोटाच्या कारखान्यांत रुजवलेली ही पद्धत अंबड-सातपूरच्या कामगाराला अंगवळणी पडलेली आहे. मग स्वतःच म्हणाले, "आणि आम्ही घरी हिला नुसती समज देतोय." खरं तर समजसुद्धा दिली नव्हती, नुसते गप्प बसले होते. पण मी मधे बोलले नाही.

त्यानंतर माझं काम कमी झालं. एकच नियम मी आग्रहाने लावला: काम ज्याच्याकडे जाईल त्याच्याकडे त्याची आठवणही जाईल. "मला आठवण कर" म्हणायचं नाही.

आप्पांच्या गोळ्या मिस्टरांकडे गेल्या. सोमवार ते रविवार, सकाळ-संध्याकाळ असे कप्पे असलेला डबा आणला. दर रविवारी तो भरणं, संपत आलेल्या गोळ्या आणणं, डॉक्टरांची तारीख घेणं, सगळं त्यांचं. कप्पा रिकामा म्हणजे गोळी घेतली. आठवायची गरजच उरली नाही. गोळी घ्यायची आप्पांनी स्वतः. ताईंना धास्ती वाटली, ते चुकतील. आप्पा करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. म्हणाले, "अगं, जन्मभर नोटा मोजल्या. चार गोळ्या मोजता येतील मला." इतकी वर्षं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मुलगी बारावीची म्हणून तिला काही द्यायला ताई तयार नव्हत्या. तिने स्वतःच सीईटीचा फॉर्म आणि फीच्या तारखा घेतल्या. सिलिंडरचं बुकिंग आणि पांढरे बूट मुलाकडे. दुसऱ्या शिफ्टला मिस्टर घरी येऊन स्वतः जेवण गरम करून घेणार आणि ताई साडेदहाला झोपणार. यावर जरा कुरबूर झाली, पण ती आप्पांनी मिटवली.

काय टिकलं, काय नाही

मुलीने काढलेला "घर" नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आठवडाभरात गुड मॉर्निंगच्या फोटोंनी भरला, आणि ताईच त्यात सगळ्यांना आठवण करू लागल्या. बंद केला. फ्रीजवरचा फळा चांगला चालला, पेन सुकेपर्यंत. बुटांच्या बाबतीत मुलगा तीनदा घरून तसाच गेला आणि शाळेत बोलणी खाऊन आला. ताईंना बूट पुढे करायचा मोह आवरायला सांगितलं होतं, तो त्यांनी मोठ्या कष्टाने आवरला. माझ्या मते या सगळ्या उपचारातलं त्यांचं सर्वांत अवघड काम तेच होतं.

गोळ्यांचा डबा टिकला. दारामागची किल्ल्यांची खुंटी टिकली. दूध गॅसवर असताना ओट्यापासून हलायचं नाही आणि घरातल्यांनी तेवढा वेळ हाक मारायची नाही, हे टिकलं. गॅस बंद करताना बटणाकडे बोट दाखवून "गॅस बंद" असं मोठ्याने म्हणायचं. जपानी रेल्वेचे मोटरमन सिग्नलपाशी असंच करतात. नुसत्या हाताने केलेल्या कामाची आठवण राहत नाही, ती तोंडाने म्हटलं की राहते. ताईंना आधी लाज वाटायची. आता मुलगा त्यांच्याआधी ओरडतो.

दिवाळीत गाडी घसरली. पाहुणे, फराळ, मिस्टरांचा ओव्हरटाइम, आणि टॅक्स ऑडिटच्या तारखांनी आधीच शिणलेल्या ताई. चिठ्ठ्या पुन्हा त्यांच्याकडे सरकल्या. डबा त्या आठवड्यात त्यांनीच भरला. नोव्हेंबरमध्ये पुन्हा एकदा सगळ्यांना बसवावं लागलं, त्या वेळी आवाज जरा चढले. अशी घसरण होणार हे गृहीत धरावं. एका बैठकीत वर्षानुवर्षांची रीत बदलत नाही.

सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन १२ वर, बी-१२ मर्यादेच्या बरंच वर, मुंग्या गेलेल्या, झोप साडेसहा तास. मोका लगेच पुन्हा घेतली नाही, कारण सरावानेच गुण वाढतात. वर्षाने घेणार आहोत. नावं अजून अडतात. पाळीच्या आधीचे काही दिवस डोकं जड राहतं, त्या दिवसांत २० तारीख आली तर त्या ऑफिसात दुसऱ्याकडून आकडे तपासून घेतात. गोळीची चूक परत झाली नाही.

धावायची लक्षणं त्यांच्या मिस्टरांकडे आणि मुलीकडे लिहून दिलेली आहेत: तोच प्रश्न त्याच दिवशी पुन्हा पुन्हा विचारणं आणि आधी विचारल्याचं अजिबात न आठवणं, ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, रोजचा हिशोब किंवा नेहमीचा पदार्थ जमेनासा होणं, वस्तूंची साधी नावं जाणं, स्वभाव एकदम पालटणं, चालण्यात किंवा बोलण्यात अचानक बदल. शेवटचं असेल तर माझ्याकडे न येता थेट हॉस्पिटल. यातलं एकही अजून दिसलेलं नाही.

मागच्या भेटीत ताई स्वतःबद्दल कमी आणि पिंपळगाव बसवंतला राहणाऱ्या त्यांच्या ७२ वर्षांच्या आईबद्दल जास्त बोलल्या. आई फोनवर तेच तेच विचारते, टीव्हीचा आवाज फार मोठा लावते. त्यांची आधी कानाची तपासणी करायला सांगितली आहे. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने डिमेन्शियाच्या बदलता येण्याजोग्या १४ कारणांत कमी ऐकू येणं आणि मोतीबिंदूसारख्या कारणाने कमी दिसणं ही दोन्ही धरली आहेत, आणि आईचं एका डोळ्याचं ऑपरेशन द्राक्षाच्या हंगामामुळे दोनदा पुढे ढकललेलं आहे. तारीख भावाने घेतली आहे, आणायचंही त्यानेच.